जोड कोमट लागला तर : जुन्या शिडाच्या बोटीच्या वायरिंगच्या नोंदी

२८ एप्रिल २०२४, रविवार

काल संध्याकाळी मांडव्याहून परतताना बोटीवर धूर झाला. सगळे सुखरूप आहोत. चार दिवसांनी बारकावे विसरायला होतील, म्हणून आजच लिहून ठेवते.

वारा पडला म्हणून साडेपाचला इंजिन लावलं. अर्ध्या तासाने भाचा म्हणाला, "आत्या, काहीतरी जळतंय का गं?" मला तो डिझेलचाच वास वाटला. मग कॉकपिटमधल्या, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीतल्या, इंजिनच्या पॅनलमागून राखाडी धूर निघाला, वितळत्या प्लास्टिकचा, घशात बसणारा. आधी इंजिन बंद करायची कळ ओढली, मग केबिनमध्ये उतरून बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला. क्रम हाच हवा. इंजिन फिरतंय तोवर अल्टरनेटर वीज तयार करतच राहतो, त्यामुळे नुसता स्विच फिरवून भागत नाही. वर चालत्या अल्टरनेटरखालून बॅटरी काढून घेतली की त्याचे डायोड उडू शकतात. भाच्याला अग्निशामक हातात धरून उभं केलं आणि पॅनल उघडू दिलं नाही. कोंडलेल्या धुराला हवा मिळाली की त्याची आग व्हायला वेळ लागत नाही, आणि फायबरग्लासमधलं पॉलिएस्टर एकदा पेटलं की ३१ फुटी बोटीवर उभं राहायला जागा उरत नाही.

मिनिटभरात धूर ओसरला. पुढे अंधार, बोटीवर एकही दिवा नाही आणि बाजूने मोठ्या जहाजांचा रस्ता. रात्री आलेल्या मंद वाऱ्यावर मूरिंगला, म्हणजे बोट बांधायच्या बोयाला, लागेपर्यंत दहा वाजले. तोपर्यंत भाचा टॉर्चचा झोत शिडावर धरून बसला होता, जहाजावरच्या कुणाला तरी पांढरं कापड दिसावं म्हणून.

४ मे, मूरिंगवर

पॅनल उघडलं. बोट १९८२ ची, इंग्लंडात बांधलेली, माझ्या आधी चार मालक. इंजिनपासून पॅनलपर्यंत वायरींचा एक जुडगा येतो आणि वाटेत दोन ठिकाणी तो प्लास्टिकच्या नऊ पिनांच्या प्लगने जोडलेला आहे. पॅनलमागच्या प्लगमधल्या दोन पिनांभोवतीचं प्लास्टिक वितळून कॅरॅमलसारखं घट्ट झालं होतं. एक पिन ओढली तशी तिच्याबरोबर प्लगचा तुकडाच हातात आला.

कारण पॅनलवरच्या अँपिअर मीटरमध्ये आहे. तो काळ असा होता की इंजिन किती चार्जिंग करतंय हे काट्यावर दिसावं म्हणून अल्टरनेटरचा अख्खा करंट इंजिनपासून कॉकपिटपर्यंत वर आणायचा, मीटरमधून फिरवायचा आणि तसाच खाली बॅटरीकडे न्यायचा. म्हणजे ५५ अँपिअरच्या अल्टरनेटरची सगळी वीज त्या दोन पिनांमधून जाऊन येते, तीही चाळीस वर्षं, खाऱ्या हवेत.

खालचा, इंजिनजवळचा प्लग अजून शाबूत दिसत होता. तो मोजायचा ठरवला. गॅरेजवाल्याकडून मोटारीच्या हेडलाइटचे तीन बल्ब आणले. ते समांतर जोडले की साधारण १५ अँपिअर ओढतात. बल्ब लावून मल्टिमीटरच्या दोन सुया प्लगच्या दोन बाजूंना टेकवल्या. जोड निरोगी असेल तर तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. ०.६ व्होल्ट दिसले.

हा आकडा लहान वाटतो, म्हणून गणित इथेच मांडते. ०.६ भागिले १५ म्हणजे ०.०४ ओहम. १५ अँपिअरला त्या पिनेत ९ वॅटची उष्णता. पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. बॅटरी उतरलेली असताना अल्टरनेटर ४० अँपिअर देतो, तेव्हा तीच पिन ६४ वॅट गिळते. रेडिओ दुरुस्तीचं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. शेंगदाण्याएवढ्या पिनेत दोनाहून जास्त आयर्नची धग, आणि भोवती प्लास्टिक.

या सर्किटला फ्यूज नव्हता. पण असता तरी? ५५ अँपिअरच्या अल्टरनेटरला कुणी ६० किंवा ८०चा फ्यूज घातला असता. वायरीतून ४० जात होते. फ्यूजच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नव्हतं. हे मला इतकी वर्षं नीट उमगलं नव्हतं: फ्यूज फक्त जादा करंट ओळखतो. सैल किंवा गंजलेला जोड नेमून दिलेल्या करंटलाच तापतो, आणि फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. उलट खराब जोडामुळे करंट थोडा कमीच होतो. म्हणजे या बोटीवर दोन वेगळी कामं आहेत. शॉर्टसाठी फ्यूज. आणि जोडांसाठी हात, डोळे, मोजमाप.

२५ मे, करंजा

बोट पावसाळ्यासाठी उरणजवळच्या करंज्याच्या यार्डात वर काढली. सप्टेंबरपर्यंत दर आठवड्या-दोन आठवड्यांनी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच, पुढे रिक्षा. सगळी वायरिंग नवी करायची. यार्डाची राखण करणारे नाखवा म्हणाले, "ताई, एक प्लग जळला तर तेवढा बदला की." मी त्यांना तो खालचा प्लग दाखवला, जो बाहेरून ठणठणीत दिसतो.

८ जून

नकाशा काढला. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना कागदी टेप चिकटवून नंबर दिला आणि वहीत कुठून कुठे ते लिहिलं. अख्खा दिवस यातच गेला, आणि तो घालवल्याशिवाय कटर हातात घ्यायचा नाही असं मी ठरवलं होतं.

वहीत १७ वायरी अशा निघाल्या ज्या कुठेच जात नाहीत. जुना डेप्थ मीटर, जुना रेडिओ, कुठलासा पंखा: मालकांनी वस्तू काढल्या आणि वायरी तशाच ठेवल्या. त्यातल्या १४ मेलेल्या. तीन जिवंत. स्वयंपाकाच्या ओट्यामागे एक पिवळी वायर अर्धवट कापलेली, टोकाला काळी टेप गुंडाळलेली. मुंबईच्या उन्हाळ्यांनी त्या टेपचा गोंद पाघळून चिकट लगदा झाला होता आणि टेप बोटभर सरकली होती. आत तांब्याचे तीन केस उघडे. मीटर लावला: १२.६ व्होल्ट. मागे बॅटरीपर्यंत कुठेही फ्यूज नाही. एका बाजूला हे टोक, चार बोटांवर स्टोव्हच्या गॅसची तांब्याची नळी. ती नळी बोटीच्या अर्थिंगला जोडलेली आहे, म्हणजे दोन्ही टेकले की थेट शॉर्ट.

मी त्या ओट्यावर चहा करत आले आहे, सहा वर्षं.

दुसरी गोष्ट स्टार्टरच्या जाड केबलची. ती इंजिनच्या ब्रॅकेटवरून जाते आणि जिथे टेकते तिथे वरचं रबर घासून घासून आतलं तांबं चमकत होतं. स्टार्टरच्या सर्किटला बहुतेक बोटींवर फ्यूज नसतो, कारण सुरू होताना तो क्षणभर शेकडो अँपिअर ओढतो आणि नियमांतही त्याला सूट आहे. म्हणूनच बोटीवरच्या सगळ्या वायरींत हिची बडदास्त सर्वांत जास्त ठेवायला हवी. तिथे शॉर्ट झाला तर थांबवणारं कुणीच नाही.

९ जून

आज भाचा थोडक्यात वाचला.

मुख्य स्विच बंद, बॅटऱ्या काढून बाहेर ठेवलेल्या. तो चार्ट टेबलखाली आडवा होऊन जुनी लाल वायर कापणार होता. लाल म्हणजे बॅटरीची प्लस, काळी म्हणजे मायनस, हे त्याला मीच शिकवलेलं. माझ्या मनात कुठेतरी खटकलं आणि मी म्हटलं, "थांब, आधी टेस्टर लाव." टेस्टरचा निऑन पेटला. १२ व्होल्टवर तो पेटत नाही.

यार्डातून चार्जरसाठी २३० व्होल्टची लाइन बोटीवर घेतलेली आहे. आधीच्या कुणा मालकाने ती घरगुती पद्धतीने ओढली: लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. आणि ती बारा व्होल्टच्या लाल-काळ्याबरोबर एकाच जुडग्यात बांधली. घरात लाल-काळ्याचा अर्थ एक, बोटीवर दुसरा, आणि दोन्ही एकाच मुठीत मावतात. सकाळी ड्रिलसाठी मी बाहेर प्लग लावला होता. तो काढायला विसरले. चूक माझी.

आजपासून दोन नियम, चार्ट टेबलवर खडूने लिहिलेत. काम सुरू करण्याआधी किनाऱ्याची वायर बोटीपासून काढून ती डोळ्यांसमोर ठेवायची. आणि बारा व्होल्टची मायनस या बोटीवर यापुढे पिवळी, काळी कधीच नाही. २३० ची लाइन तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी, वेगळ्या पाइपातून, बोटीच्या दुसऱ्या बाजूने.

२२ जून

लोहार चाळीत गेले. तिथे वायरीचं जे म्हणाल ते मिळतं, पण मला हवी होती कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर, बारीक तारांची. दोन-तीन दुकानदारांनी साधी मल्टिस्ट्रँड दाखवून "हीच सगळे नेतात" म्हटलं. सोबतच्या वायरमनदादांचंही तेच मत: "ताई, बारा व्होल्टला कुणी एवढं करत नाही."

हे वाक्य बदलायला हवं, असं मला फार वाटतं. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, त्यामुळे भीती वाटत नाही. पण तेवढ्याच वॅटसाठी बारा व्होल्टला घरच्यापेक्षा एकोणीसपट करंट लागतो, आणि वायर तापते ती करंटने. दादांना मी वाद घालून नाही, वायर सोलून दाखवलं. बोटीतून काढलेली साधी तांब्याची वायर घेतली. टोकाला हिरवट-काळी होती, ते कुणालाही अपेक्षित. मग वीतभर आत सोलली. तिथेही काळी. खारा ओलावा तारांमधून केशाकर्षणाने आत चढत जातो, समईची वात तेल ओढते तसा. दादांनी ती काळी तार नखाने खरवडली, दोन बोटांत चुरगाळली. ती तुटली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मुलाम्याचीच मागवा."

सोल्डरवर मात्र आमचं जमलं नाही. त्यांना प्रत्येक जोड सोल्डर केलेला हवा. अडचण अशी की सोल्डर तारांमध्ये चढून जिथे थांबतं तिथे वायर मऊ-कडक अशी दुभंगते, आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी त्याच जागी तुटते. शिवाय जोड तापला तर सोल्डर वितळतं. म्हणून क्रिंप, म्हणजे दाबून केलेला जोड. साध्या पकडीने दाबलेला नाही, रॅचेटवाल्या टूलने, जे पुरतं दाबल्याशिवाय सुटतच नाही. वायर थिंबलमध्ये, म्हणजे टोकाला बसवायच्या धातूच्या नळीत, घालायची तेव्हा एकही तार बाहेर राहता कामा नये. दाबल्यावर वायर पकडून जोरात ओढायची. निघाली तर बरंच झालं, हातात निघाली. मग आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह. गरम हवेने ती आवळते आणि तोंडाशी गोंदाची बारीक कडी उमटते. ती कडी दिसली की आत पाणी जाणार नाही.

आज ११ जोड केले. दोन ओढताना निघाले, दोन्ही माझे.

६ जुलै

पाऊस. ताडपत्री फाटली, केबिनमध्ये पाणी. काहीही केलं नाही. ओल्या वायरीवर स्लीव्ह आवळली तर ओल आतच कोंडते.

२० जुलै

बॅटरीचा भाग. हा माझ्या मते बोटीवरचा सर्वांत मोलाचा अर्धा फूट.

१०० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजाराहून जास्त अँपिअर सोडू शकते. तेव्हा फ्यूज असून चालत नाही, तो बॅटरीजवळ हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला वायरीचा तुकडा कायम उघड्यावर असतो. अमेरिकेतल्या अ‍ॅनापोलिसची बोट अँड यॉट कौन्सिल १९५४ पासून अशी मानकं काढते. त्यांच्या ई-११ या विजेच्या मानकात हे अंतर ७ इंच आहे, वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून निघून स्वतंत्र आवरणातून जात असेल तर सूट मिळते. माझ्या बोटीवर पहिला फ्यूज बॅटरीपासून अडीच मीटरवर, स्विच पॅनलमध्ये होता. म्हणजे अडीच मीटर वायर, एका लाकडी आडभिंतीच्या धारदार भोकातून जाणारी, विनारखवालीची.

आता फ्यूज थेट टर्मिनलवर बसतो असा चौकोनी ठोकळ्याचा घेतला. घेताना अँपिअर बघतात तशी तोडण्याची क्षमताही बघायची, म्हणजे जास्तीत जास्त किती करंट तो फ्यूज सुरक्षितपणे तोडू शकतो. मोटारीतला छोटा काचेचा किंवा पात्याचा फ्यूज मोठ्या बॅटरीच्या थेट शॉर्टला तुटला तरी आत ज्योत पेटून वीज वाहतीच राहू शकते. दादांनी विचारलं, फ्रिजच्या लाइनला १० चा बसवू की १५ चा. त्यावरून बोलणं निघालं की फ्यूज यंत्राच्या नाही, वायरीच्या मापाने ठरवायचा, कारण पेटते ती वायर. यंत्राला लहान हवा असेल तर जरूर घालावा. मोठा कधीच नाही.

अँपिअर मीटर काढून टाकला. अल्टरनेटरपासून थेट बॅटरीकडे २५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीच्या टोकाला ८० चा फ्यूज. पॅनलवर त्या जागी व्होल्टमीटर, त्याला एक अँपिअरच्या फ्यूजची केसासारखी वायर पुरते. दोन्ही नऊ पिनी प्लग कायमचे गेले. त्यांच्या जागी पितळी पट्ट्यांवर स्क्रूचे जोड.

बॅटरीच्या टर्मिनलवर हाताने फिरवायचे विंग नट होते. तेही काढले. हाताने आवळलेला नट हातानेच सैल होतो, इंजिनच्या थरथरीने तर लवकरच.

स्टार्टरच्या केबलची वाट बदलली, ब्रॅकेटपासून दूर. दर ४५ सेंटिमीटरवर रबरी पट्टीची क्लिप, आणि लाकडातल्या प्रत्येक भोकाला रबरी कडी.

३ ऑगस्ट

बिल्जचा, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याचा, पंप. हा एकच मुख्य स्विचच्या आधी जोडायचा, कारण आपण घरी असताना बोटीतलं पाणी त्यानेच उपसायचं असतं. म्हणजे माणूस नसताना जिवंत राहणारं हे एकमेव सर्किट. मुंबईच्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या किती, हे सांगायला नको. पिशवी पंख्यात अडकली की मोटर फिरत नाही, पण करंट ओढत राहते आणि तापते. इथे पंपावर छापलेल्या मापाचाच फ्यूज हवा, एक आकडाही मोठा नाही. जुना फ्यूज निघाला २० चा. छापलेलं माप ५.

भाच्याला लिथियमची बॅटरी हवी आहे, हलकी आणि दुप्पट कामाची. त्याला या वर्षी नाही म्हटलं. लिथियम भरताना शिशासारखी हळूहळू कमी घेत जात नाही. शेवटपर्यंत अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं ओढते, आणि ५५ चा जुना अल्टरनेटर त्यात भाजून निघेल. तिला वेगळा चार्जिंग बंदोबस्त आणि फार जास्त करंट तोडणारा फ्यूज लागतो. ते सगळं एकदम करायचं तर करू. नुसती बॅटरी बदलायची नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

उद्या नारळी पौर्णिमा. यार्डाशेजारच्या धक्क्यावर बोटी सजल्या आहेत. नाखवांनी दुपारी हाक मारली, "ताई, जरा आमचे बोटीवर येता?" त्यांच्या मुलाने डोलकाठीपासून दिव्यांची माळ आणि दोन कर्णे लावले होते, वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर पिळून बसवलेली, खाली डिझेलचे कॅन. हे त्यांनी स्वतःच ओळखून मला बोलावलं होतं. दोन महिने येता-जाता ते आमचं काम बघत होते.

माझ्याकडे उरलेले दोन फ्यूज होल्डर होते. थिंबल दाबले, फ्यूज टर्मिनलजवळ घातला, टर्मिनलवर रबरी टोपी बसवली. वायरीवर पाय पडत होता, ती वर बांधली. पाऊण तास लागला. नाखवांच्या मुलाने माझ्या हातातून टूल घेऊन शेवटचे दोन जोड स्वतः केले आणि न सांगता ओढून बघितले. नाखवीणबाईंनी नारळीभाताचा डबा दिला.

१ सप्टेंबर

२३० ची बाजू पूर्ण. बोटीत शिरताच दोन्ही तारा तोडणारा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच. यार्डाच्या बोर्डावर आरसीसीबी नाही, म्हणून बोटीचा स्वतःचा. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस. किनाऱ्याच्या प्लगच्या पिना उघडून बघितल्या; एकीवर तपकिरी डाग, म्हणजे तिथेही सैल जोडाची धग लागलेली. प्लग फेकला.

मग खरी परीक्षा. सगळे दिवे, पंप, फ्रिज आणि हेडलाइटचे तिन्ही बल्ब तासभर चालू ठेवले आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने एकेक जोड मोजला. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर कमी तापमान दाखवतो, म्हणून प्रत्येक जोडावर काळ्या टेपचा छोटा तुकडा लावून त्यावर नेम धरायचा. केबिनची हवा ३१ अंश. जवळजवळ सगळे जोड ३५ ते ४०. मायनसच्या पट्टीवरचा एक ५८. शेजारच्या जोडातून तेवढाच करंट जात होता आणि तो ३८ होता.

उघडला. थिंबल उत्तम, क्रिंप उत्तम. स्क्रूखाली वॉशर उलट्या क्रमाने बसला होता: स्टीलचा वॉशर पट्टी आणि थिंबलच्या मध्ये. स्टील तांब्यासारखी वीज नेत नाही. तांबं तांब्याला टेकायला हवं, वॉशर वर. बदलला, पुन्हा तासभर. ३८.

हा जोड डोळ्यांना निर्दोष होता. ओढूनही टिकला होता. फ्यूज तर कधीच गेला नसता.

५ ऑक्टोबर, मांडव्याच्या वाटेवर

गेल्या आठवड्यात बोट पाण्यात. आज मुद्दाम शीड न लावता इंजिनवर जातोय, बॅटऱ्या अर्ध्या उतरवून, म्हणजे अल्टरनेटरला भरपूर काम पडेल. इंजिनच्या झाकणाला रुपयाएवढं भोक पाडून त्यावर फिरती चकती लावली आहे: आत आग लागली तर झाकण न उघडता अग्निशामकाचं तोंड तिथून आत घालता येईल. पावडरचा अग्निशामक भाच्याने उलटा करून हलवून घेतला, दमट हवेत पावडर तळाशी घट्ट बसते.

दर पंधरा मिनिटांनी एक जण खाली जातो आणि वहीत सहा जोडांचे आकडे लिहितो. ९:१५ ला सगळ्यांत गरम अल्टरनेटरचा, ५१. इंजिनच्या खोलीतली हवाच ४६ आहे, म्हणजे ठीक. ९:३० ला ५२. ९:४५ ला ५२.

डोलकाठीतल्या वायरी राहिल्या. काठी उतरवल्याशिवाय त्या निघत नाहीत आणि यंदा क्रेन मिळाली नाही. तोवर वरच्या दिव्यांचं सर्किट ३ अँपिअरच्या फ्यूजवर, आणि बोटीवर कुणी नसेल तेव्हा बंद. पुढच्या मे महिन्यात पहिलं काम ते.

१०:०० ला ५२. भाचा वर येऊन म्हणतो, "आत्या, हात लावून पण बघितला."